बोलक्या डब्यातल्या खोकल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिकी प्रयोगशाळा

विषय : डब्यातून बोलणाऱ्या बाईंच्या प्रकृतीची चौकशी होणेबाबत.
संदर्भ : डबा बदलल्याबद्दलचे आपले पत्र.

महोदय,

"ताई, डब्याशी कामापुरतंच बोला हं. सवय लागते," असे डबा बसवताना आपल्या तंत्रज्ञांनी मला बजावले होते. "सवय लागायला मला फुरसत कुठंय?" म्हणून मी ते हसण्यावारी नेले. सदर अर्ज त्या सवयीपोटीच करीत आहे, हे आधीच नमूद करते.

१. बाळाचे रडणे ऐकून ते भुकेचे, झोपेचे की दुखण्याचे हे सांगणारे यंत्र आपण तयार करीत आहात. त्याच्या चाचणीसाठी आमच्या पाळण्याशेजारी डबा बसवला गेला. बाळाचे वडील जहाजावर असतात. माझी आई फोनवर जावयाचीच चौकशी जास्त करते. शेजारच्या दाराला कायम कुलूप. त्यामुळे दिवसभरात मला उद्देशून पूर्ण वाक्य बोलणारा डबाच होता, मग ते वाक्य "रडणे भुकेचे आहे" एवढेच का असेना.

२. हा डबा खोकतो, हे थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आले. "बरं नाही का हो?" असे विचारता उत्तर मिळाले, "हा प्रश्न माझ्या कक्षेत येत नाही," आणि पाठोपाठ पुन्हा खोकल्याची उबळ. पुढे बाळ पहिल्यांदा खळखळून हसले तेव्हा डब्यातूनही हसू फुटले, आणि लगेच कोरडा आवाज आला, "रडणे आढळले नाही." एके दुपारी बाळ रडायचे थांबेना. डबा म्हणाला, "दुखण्याचे." मग जरा घुटमळून, हळूच, "अगं, कान बघ त्याचा." कानाला हात लावताच बाळ किंचाळले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आपल्या माहितीपत्रकात यंत्राला "अगं" म्हणता येते असा उल्लेख नाही.

३. मी विज्ञानाची पदवीधर आहे. यंत्र पुरते तयार होईपर्यंत पडद्यामागे माणूस बसवून चाचणी घेतात आणि घरच्यांना ते कळू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बाईंची नोकरी जाऊ नये म्हणून मीही कळल्याचे दाखवले नाही. "गरम पाणी पीत जा, छाती मोकळी होते," हे मी बाळाकडे बघून म्हणत असे.

४. गेल्या सोमवारी खोकला थांबेचना. "रडणे झो..." एवढे झाल्यावर डब्यातून खुर्ची सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. मी "अहो, अहो" करीत डबा थोपटत राहिले. बाळ रडायचे थांबले तरी मी तिथेच होते. दुसऱ्या दिवशी नवा डबा आला. तो खोकत नाही. बाळ हसले की गप्प बसतो. आपले पत्र म्हणते, पहिल्या दिवसापासून संगणकच बोलत होता, व्यक्ती कोणी नव्हती.

५. कागदोपत्री तसेच राहू द्यावे, माझी हरकत नाही. चाचणीतल्या इतर आयांना मी काही सांगणार नाही. "अगं" या शब्दाबद्दल कारवाई व्हायची असेल तर ती माझ्यावर व्हावी. फक्त आमच्या डब्याचा आवाज जिथून येत होता, त्या खोलीत आपण स्वतः जाऊन यावे. खुर्ची रिकामी असल्यास त्यांच्या घरी कोणाला तरी पाठवावे. त्या एकट्याच राहत असाव्यात, कारण सुट्टीच्या दिवशीही डबा खोकत असे. उत्तर लेखी नको. नव्या डब्यातून एकदा कोणी खोकले तरी मला पोचेल. पण आधी कृपया बघून यावे.

आपली नम्र,
(सही)
बाळाची आई, तिसरा मजला
दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत : खोकल्याच्या औषधाची बाटली, एक नग (यंत्राच्या देखभालीसाठी).