शुक्रवारच्या उत्तराआधी

लोअर हट, न्यूझीलंड,
रविवार

प्रिय आरुषी,

सप्रेम जय भीम.

हे हाताने लिहून त्याचे फोटो तुला पाठवतो आहे. मराठीत लिहितोय, कारण मी इंग्रजीत लिहिलं की ते ऑफिसच्या अहवालासारखं होतं असं तूच म्हणतेस. तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे, शुक्रवारला अजून पाच दिवस आहेत.

इकडे सगळं ठीक. दक्षिणेचा गार वारा सुरू झालाय. आईला या महिन्यात सकाळच्या ड्युट्या आहेत. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने तुझा पेपरातला फोटो अजून काउंटरमागे चिकटवून ठेवलाय आणि दूध घेताना दर वेळी विचारतो की पोरगी शेवटी कोणत्या कॉलेजात गेली. मी ‘बघू’ म्हणतो आणि सुटे पैसे घेऊन निघतो. काल सवयीने बास्केटबॉलच्या स्टेडियमवर गेलो होतो. लहान मुलींची मॅच होती आणि स्कोअर लिहायला कोणी नव्हतं, म्हणून मीच बसलो. तू आठ वर्षांची असताना मला पहिल्यांदा त्या टेबलावर बसवलंस. ज्या टीमची ड्युटी तिच्या पालकांनी स्कोअर लिहायचा, आणि बाकीचे पालक बरोबर त्याच वेळी कॉफी आणायला गेले होते. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रकाने भरता येत होते. पुढे दहा वर्षं तेच केलं.

तू आईला पाठवलेला मेसेज तिने मला दाखवला. ‘आय ॲम जस्ट नॉट गुड इनफ’ असं त्यात आहे. अमेरिकेतल्या त्या डोंगराकडच्या लहान कॉलेजने तुला जागा देऊ केलीय आणि शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय, त्यांना ‘नाही’ असं कळवून तू कायमची परत येणार, बास्केटबॉल बंद. आईने तो मेसेज चारदा वाचला आणि पोळ्या करायच्या राहून गेल्या. मी एकदाच वाचला.

मला त्या याद्यांबद्दल बोलायचंय. एप्रिलमध्ये गेला सीझन संपून आठवडा होत नाही तोच पुढच्या सीझनच्या पहिल्या पंचवीस कॉलेजांची यादी लागते. खेळायचं नोव्हेंबरात. अर्ध्या मुली तोवर कॉलेज बदलायच्या रांगेत उभ्या, कोण कुठे जाणार ते त्यांनाच ठाऊक नाही, आणि इकडे नंबर लावून मोकळे. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. तुला घ्यायला निघालेलं ते मोठं कॉलेज पहिल्या यादीत एकोणिसावं होतं आणि खाली एका ओळीत ‘न्यूझीलंडची गार्ड खेळाडू आली तर’ असं तुझ्याबद्दल लिहिलं होतं. ती ओळ मी ऑफिसात छापून घेतली, हे तुला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या यादीत ती ओळ गेली. तू तो निकाल समजून बसलीस. तेव्हापासून रोज पाचशे फ्री थ्रो मारतेस असं आई म्हणते, जणू मार्चमधल्या शेवटच्या मॅचमध्ये चुकलेले ते दोन त्याने परत येणार आहेत.

जुन्या कॉलेजला तू रीतसर सोडचिठ्ठी दिलीस, तिथे तुझी जागा भरली. त्या मोठ्या कॉलेजने तुला बोलावलं, आणि तिथल्या एका बुटांच्या दुकानाने जाहिरातीसाठी एवढे पैसे देऊ केले की आईच्या वर्षभराच्या पगाराची बरोबरी व्हावी. तू वीस वर्षांची आहेस. खरं सांगतो, मला अभिमान वाटला आणि थोडं लागलंही. मी इथे एवढी वर्षं जमिनीखालचे पाइप मोजतोय, माझा फोटो कोणी मागितला नाही. ते सगळे कागद तू मला पाठवलेस. ‘बाबा, हीप्स ऑफ पेपर्स आहेत, जरा चेक करा ना, मग स्वीट ॲज.’ म्हणजे मग सगळं मस्त.

तुला माहीत आहे, विहारातले निम्मे लोक त्यांचे फॉर्म माझ्याकडे आणतात. व्हिसा, रेसिडेन्सी, आईवडिलांना बोलवायचं पत्र. माझा एकच नियम, काही लपवायचं नाही. आमच्याबरोबर आलेल्या धैर्यशीलने एका फॉर्मवर जुना नाकारलेला व्हिसा लिहिला नाही. सहा वर्षांनी ते निघालं आणि बायकोमुलांसकट त्याला परत जावं लागलं. त्याच्या घरातलं फर्निचर मी विकून दिलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक कागद दोनदा वाचतो.

तुझ्या कागदांत मोठ्या कॉलेजच्या सहायक कोचचा एक मेसेज होता. विद्यार्थी व्हिसावर तिथे असं काम चालत नाही, म्हणून फोटो अमेरिकेतच काढू आणि तू सुट्टीत घरी गेली असताना काढले असं दाखवू. तू तो बहुतेक नीट वाचलाही नसशील. मी वाचला. तुला फोन करायला हवा होता. मी नाही केला, कारण तू म्हणाली असतीस, बाबा, सगळेच करतात, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी कॉलेजच्या ऑफिसला ई-मेल लिहिला, तो मेसेज जोडला, आणि हे नियमात बसतं का ते लेखी कळवा म्हणालो. चार दिवसांत जाहिरात गेली, आठवड्याभरात तुझी जागा गेली, आणि तुला सांगण्यात आलं की टीमची गरज बदलली. मुख्य कोचने मला मात्र उत्तर पाठवलं. तिने लिहिलंय की तिच्या अकरा वर्षांत तुझ्यासारखा पास देणारी मुलगी तिला मिळाली नव्हती, हा निर्णय वकिलांचा आहे, तुझ्या खेळाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यात माझे आभारही मानलेत. ते पत्र तीन आठवडे माझ्याकडे पडून आहे. तू रोज पाचशे फ्री थ्रो मारत होतीस आणि मी रोज ते उघडून बंद करत होतो. आईलाही आज सकाळीच सांगितलं, ती डबा न घेताच ड्युटीला निघून गेली. पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग मला जे बोलायचं ते बोल.

तुझाच,
बाबा