पहिल्या पिळणीचं दूध

सावाई बेट,
सोमवार, मे महिना

माझ्या लाडक्या पेनिनास,

आजीचा आणि घरातल्या सगळ्यांचा तुला आणि बाळाला आशीर्वाद. बाळाचा फोटो पोचला. कपाळ आपलं आहे. नाक तुझ्या नवऱ्याकडचं, असू दे, वाढेल तसं ठिकाणावर येईल.

इकडे डुकरीला पिल्लं झाली. पाद्रीबाईंनी देवळाला नवे पडदे लावलेत, डोळ्यांत भरतील असे हिरवे. तुझा बाप अजून तीच होडी दुरुस्त करतोय. ती पाण्यात जायची नाही, अंगणातच म्हातारी होणार.

तू मला बाळासाठी बोलावलंस आणि मी फोनवर म्हटलं, ऑकलंडची थंडी मला सोसायची नाही. ते जरा बाजूला ठेव, आधी गंमत ऐक.

हल्ली रविवारी जेवण झालं की मी चालायला जाते. सगळं गाव चटयांवर आडवं पडलेलं, आणि रस्त्यानं ही एकटी म्हातारी. पहिल्या रविवारी पाद्रीबाई लगबगीनं बाहेर आल्या, कोण गेलं म्हणून विचारायला. म्हटलं, कुणी गेलं नाही, माझं जेवण खाली जातंय. आता त्या पण येतात, शेजारची लुसियाही येते. लुसियाच्या पायांपेक्षा तोंडच जास्त चालतं, पण सोबत होते.

हे चालणं लावलं नर्स सिएनीनं. ती पोरांना लस टोचायला आली होती. मी खांबाला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. आडव्या का होत नाही, तिनं विचारलं. मी म्हाताऱ्या हाडांचं काहीतरी सांगितलं. ती कसली ऐकते. आंबट पाणी घशाशी येतं का, छातीत जळतं का, विचारतच राहिली. शेवटी सांगून टाकलं, की आडवी झाले की छातीत निखारे फुलतात. तिनं मला बोटीनं शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथं अंगाला वायरी लावल्या. डॉक्टर म्हणाले, काळीज ठणठणीत आहे, पोटातलं आंबट वर चढतंय. रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. बाकीचं म्हणे माझ्या खाण्यात आणि झोपण्यात आहे.

मग सिएनी घरी येऊन तुझ्या आईला सगळं समजावत बसली. नारळाचं दूध कमी, कोको कमी, थोडं थोडं खायला द्या, उजेड आहे तोवर जेवण, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. दुधाचं ऐकलं आणि तुझ्या आईनं कपाळावर हात मारला.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. पहिल्या पिळणीचं दाट दूध माझ्या पालुसामीत, नंतरचं पातळ बाकीच्यांच्या. अळूच्या पानांतली ती पुरचुंडी मी उघडल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. छातीत जळायचं म्हणून मी मधे पानात अन्न टाकायला लागले होते. तुझ्या आईला वाटलं, हात बिघडला, सासू नाराज आहे. म्हणून दर रविवारी ती एक नारळ जास्त फोडायची, दूध आणखी दाट काढायची. आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मी ते संपवायचे. ती वाढतेय, मी गिळतेय.

सगळं कळल्यावर ती म्हणाली, "आई, एकदा तरी बोलायचं होतं ना."

"तू रागावशील म्हणून भ्याले गं."

"आणि मी इतके दिवस, तुम्ही रागावलात म्हणून भीत होते."

सिएनी हसून हसून खांबाला टेकली. मग आम्ही दोघीही हसलो. तुझी आई थोडी रडलीसुद्धा.

आता संध्याकाळची प्रार्थना व्हायच्या आधीच आम्ही जेवतो. तुझा बाप कुरकुरला, देवाच्या आधी पोट कसं? मी म्हटलं, तुझ्या रिकाम्या पोटाचा आवाज इतकी वर्षं देवानं सोसला, आता त्यालाही जरा शांतता दे. पोरं खूश आहेत, वाट बघावी लागत नाही. रात्री आंबट वर चढू नये म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली तुझ्या बापानंच लाकडाचे ठोकळे घातले. सुरुवातीला सकाळी मी पायथ्याशी सापडायचे. आता जमतं. कोकोचा वास मात्र अजून जीव घेतो. रविवारी दोन घोट घेते. सिएनीला सांगू नकोस.

तर पेनिना, थंडीचं काही नव्हतं. मला वाटलं होतं, काळीजच चाललंय. तुझ्या घरी येऊन माझं काही बरंवाईट झालं असतं तर? तू ओली बाळंतीण, मांडीवर तान्हं, आणि वर म्हातारीचं मयत विमानानं धाडायचं. म्हणून नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर डुकरांकडे जाऊन रडले. माझ्या मयतात मानाची म्हणून द्यायची ती बारीक विणीची मोठी चटई पेटीतून काढून तुझ्या बापाला दाखवून ठेवली होती.

आज सकाळी ती उन्हात घातली. बाळासाठी घेऊन येतेय. नवऱ्याला तिकीट काढायला सांग. उशाला जास्तीची उशी ठेव, आणि माझ्या अंथरुणात बाळापुरती जागा.

मरायची घाई नसलेली तुझी आजी,
फुआतिनो