तक्रार बंद करणारी ओळ

पवनी

प्रिय संजीव,

अनेक आशीर्वाद. अक्षर तुझ्या आईचं आहे हे तू ओळखलंच असशील, पण बोलते आहे मी. बेबीला सांगून ठेवलं आहे, माझ्या तोंडून निघेल तेच लिहायचं, वरून साखर पेरायची नाही. तरी ती शाळेतली भाषा घालतेच. मी ‘काहून’ म्हणते, ती ‘का’ लिहिते. तेवढं मी चालवून घेते. पण दर चार ओळींनी तिला मोठ्यानं वाचायला लावते. मघाशी ‘लबाड’ हा शब्द गळाला होता. विचारलं तर म्हणे, शाई संपली होती. आता नवा पेन आणला आहे.

इकडची खुशाली म्हणशील तर माझा माग अजून चालतो. गुडघे बोलतात, पण माग त्यांच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो, म्हणून ऐकू येत नाहीत. तुझा काका तसाच, चहा थंड करून पिणारा. त्याची लेक कीर्ती सकाळी शाळेत शिकवते आणि दुपारी माझ्याजवळ बसून मागाच्या कांड्यांवर सूत भरते. पुण्याला तू मोठा साहेब झालास, तुझा फोटो तुझ्या कंपनीनं छापला, तो बेबीनं देवाशेजारी लावला होता. मी काढून स्वयंपाकघरात लावला. तिथं धूर असतो.

मागच्या सोमवारी तू कीर्तीला फोन केलास, दोन वर्षांनी. तिचे हात सुतात होते म्हणून तिनं स्पीकर लावला, आणि तुझा आवाज थेट माझ्या कानात आला. “ताई, लय अर्जंट आहे वं, तूच करू शकतेस.” दोन वर्षांत तुला ताई आठवली नाही, आणि आठवली तेव्हा किती गोड आठवली! मी कीर्तीकडं बघितलं. ती हसली नाही, रडली नाही, नुसती म्हणाली, “पाठव.”

मी अंगठा लावणारी बाई. पण कीर्तीनं मला ते तीनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा मला कळलं. धानाची रोपं वाढवतात त्या पऱ्ह्यात पाणी किती झालं ते बघून मोटार चालू-बंद करणारा तुमचा तो डबा, त्याच्या पोटात जो प्रोग्राम भरतात तो फर्मवेअर. तुम्ही दोघांनी कॉलेजात असताना लिहिला आणि इंटरनेटवर उघडा ठेवला, कुणीही घ्यावा, कुणीही दुरुस्त करावा. आता परदेशातले लोकही वापरतात, आणि येत्या गुरुवारी त्याचं नवं रिलीज आहे. माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देतो तो कंपायलर, आणि तोही आता नवा आला आहे. जुना कुरकुर करायचा आणि चालवून घ्यायचा. नवा खट आहे, चूक दिसली की काम थांबवतो. तुमच्या प्रोग्राममध्ये तो सोळा ठिकाणी थांबला. पंधरा ठिकाणं कीर्तीनं दोन दुपारींत निस्तरली. सोळावं तुझ्या फाइलीत होतं, पाणी मोजायच्या.

तिथं तू तिला काय सांगितलंस ते माझ्या कानांनी ऐकलं आहे. “त्या फाइलीत जास्त शिरू नको. माझी जुनी ओळ नव्या कंपायलरवर चालत नाही, तक्रार बंद करायची नवी ओळ टाक अन् मोकळी हो.” मुलगी माझ्या हाताखाली वाढलेली. ताण्यात एक धागा सैल लागला तर ती वरून खळ फासत नाही, मागाखाली वाकून तो कुठून सुटला ते शोधते. ती शिरली.

आत असं निघालं. एका कामाला तू नुसत्या नावानं हाक मारली होतीस. ते काम परत काय देतं, हे वर कुठंच सांगितलं नव्हतं. जुना कंपायलर आपल्याच मनानं म्हणायचा, पूर्णांक देत असेल. ते देत होतं अपूर्णांक. त्यामुळं आकडा भलताच निघायचा. ही हाक फक्त पाणी वरच्या खुणेच्या पुढं गेलं तरच जायची, आणि बादलीत परीक्षा घेताना तुम्ही खुणेच्या पुढं पाणी कधी भरलंच नाही. खुणेपर्यंत डबा शहाणा. खुणेच्या वर पाणी गेलं की त्याला वाटायचं, सगळं कोरडं पडलं आहे. मग तो बंद झालेली मोटार पुन्हा सुरू करायचा.

हे ऐकलं आणि मी हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. बेबी, थांबू नको, लिही.

सिहोरा माझं माहेर. माझ्या भावाचा मुलगा तेजराम, त्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, दोन वर्षांपूर्वी सात घरांचे पऱ्हे एकत्र टाकले होते, कारण बोडीत, शेताजवळच्या तळ्यात, पाणी त्याच्याच होतं. माझ्या शब्दावर त्यानं तुमचा डबा लावून घेतला. कीर्ती दिवसभर उन्हात उभी राहून तो बसवून आली. मग सगळे तुमसरला लग्नाला गेले, तीन दिवस, डब्याच्या भरवशावर. मागं शेजारच्या बांधीचा धुरा, पाणी अडवणारा बांध, फुटला, पाणी खुणेच्या वर गेलं, आणि डब्यानं मोटार सुरू केली. लोक परत आले तेव्हा पऱ्हे पाण्याखाली सडले होते. सात घरांची रोवणी गेली.

तू पुण्याहून इंटरनेटवर सगळ्यांसमोर लिहिलंस की प्रोग्राममध्ये काही खोट नाही, तुझ्या फाइलीवर कंपायलरची एकही तक्रार नाही, डबा बसवणाऱ्यानं तिरपा बसवला. बसवणारी म्हणजे कोण, हे लिहायची गरज नव्हती. कीर्तीचा प्रोग्राममध्ये भर घालायचा हक्क त्याच आठवड्यात काढून घेतला गेला. तुझ्या हातानं.

आता तुला एक सांगते, जे तुला वाटत होतं कुणी बघणार नाही. त्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ कुणी कधी घातली त्याची नोंद राहते, आणि ती पुसली जात नाही म्हणे. कीर्तीनं ती काढून मला वाचून दाखवली. तक्रार बंद करणारी तुझी ती जुनी ओळ पऱ्हे सडल्यावर चौथ्या दिवशी घातलेली आहे, दुपारी सव्वादोनला. त्याच दिवशी संध्याकाळी तू लिहिलंस की माझ्या फाइलीवर तक्रार नाही. खरंच नव्हती. दुपारीच तिचं तोंड दाबलं होतंस. तक्रार काय म्हणते ते वाचायला तुला पाच मिनिटं लागली असती. तू वाचलं नाहीस, कारण वाचलं असतंस तर माहीत झालं असतं.

कीर्ती तुझ्यासारखी नाही, हा तिचा दोष. तिनं सोळावी दुरुस्ती नीट केली आणि सोबतच्या टिपणात लिहायला निघाली, ‘नव्या कंपायलरसाठी किरकोळ बदल’. मी म्हटलं, “किरकोळ? पोरी, सात घरं किरकोळ?” ती म्हणाली, “आजी, जाऊ दे ना, आपलाच आहे तो. आता कायले उकरून राहिली?” मी तिच्या हातातली कांडी काढून घेतली आणि सांगितलं, पूर्ण लिहिल्याशिवाय या घरात तुला जेवायला मिळणार नाही. जेवण तीच करते, पण धमकी लागू पडली. तिनं सगळं लिहिलं. ओळ कुणाची, तारीख कोणती, सिहोऱ्यात काय झालं, आणि डबा सरळच बसवला होता. तुमच्या मंडळीतल्या दोघांनी ते वाचून मंजूर केलं. ब्राझीलच्या एका बाईनं तर विचारलं की कीर्तीचा हक्क काढला कुणी. मला ती बाई आवडली. तिला एक टसरचा रुमाल पाठवणार आहे.

तू काल बेबीला फोन करून म्हणालास, आजीला समजाव, रिलीजच्या आधी हे बरं दिसत नाही. बेबी दुपारभर जेवली नाही. मग स्वतःच येऊन बसली आणि म्हणाली, “सांगा, मी लिहितो.” तुझ्या आईला हे लिहिताना काय होतं आहे ते मला दिसतं. म्हणून तुला जास्त बोलते आहे, कमी नाही.

आता जे मी कुणाजवळ कबूल केलं नाही ते. सिहोऱ्यात पारावर लोक जमले तेव्हा कीर्ती म्हणाली होती, “डबा सरळ होता, मी पाणसळ लावून पाहिला होता.” मी तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “संजीव खोटं बोलणार नाही, माफी माग.” तिनं हात जोडले. जोडायला लावले मी. तेजरामची बायको तोंड फिरवून उभी राहिली, आणि त्या दिवसापासून मी माहेरी पाय ठेवला नाही. लाज कीर्तीची वाटते असं मी सगळ्यांना सांगत आले.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच कापला असतास, आणि फोनवरचं बोलणं चार लोकांत वाचता येत नाही. बेबी याच्या दोन प्रती करणार आहे. एक तुला. दुसरी बंद पाकिटात तेजरामकडे जाईल. शुक्रवारी सकाळी सिहोऱ्याच्या पारावर तीच सात घरं जमणार आहेत. आधी मी उभी राहीन आणि मनगटाचं सांगेन. मग तू उभा राहशील आणि ओळीचं सांगशील, कीर्तीकडं बघून, जमिनीकडं नाही. तू आलास तर पाकीट फुटणार नाही. नाही आलास तर तेजराम पहिल्या अक्षरापासून वाचेल, आणि त्याचा आवाज तुला ठाऊक आहे, पलीकडच्या गावातली गुरं मान वर करतात. आम्ही पवनीहून गाडी केली आहे. बेबी विचारते आहे, भंडाऱ्याहून तुझ्यासाठी एक जागा धरायची का. धर म्हटलं, पण मागची, माझ्या शेजारची नको. दोन वर्षं कीर्ती जिथं अंग चोरून बसली तिथं त्याला एक दिवस बसू दे.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
आजी