काचेमागून पाचपैकी चार

ती. वन्संना,

वहिनीचा वाकून नमस्कार. (गुडघे जेवढं वाकू देतात तेवढाच, उरलेला समजून घ्या.) तुमची पाठ कशी आहे? डॉक्टरांनी तुम्हाला बोलणं कमी करायला सांगितल्याचं कळलं. पाठीचा आणि जिभेचा संबंध त्या माणसाने बरोबर ओळखला, हुशार दिसतोय. मी ठणठणीत आहे.

पत्राचं कारण तुमची भाची, आपली प्रश्नपत्रिका. (हे नाव तुम्हीच ठेवलंत. चार वर्षांची असताना तिने विचारलं होतं, आत्या, तू आत्ता रागावलीयेस की मुळातच अशी आहेस?) आता तिला मनाच्या आजारांवर उपचार करण्यातली डॉक्टरेट करायचीय. गोळी नाही, सुई नाही. माणसाला समोर बसवायचं, त्याचं ऐकायचं आणि बोलून बरं करायचं. मी म्हटलं, अगं, नुसतं ऐकायला शिकायला पाच वर्षं? तर म्हणते, आई, तुला साठ वर्षांत जमलं नाही. (हे तोंड तुमच्याकडून आलंय.)

अर्ज दोन ठिकाणी केले होते. एक जवळचं विद्यापीठ, बसने वीस मिनिटं. तिथे तीन वर्षं आकडे, तक्ते आणि प्रश्नावल्या. जिवंत माणूस चौथ्या वर्षी. दुसरं लांबचं, आगगाडीने अख्खा दिवस. तिथे पहिल्याच वर्षी माणूस समोर बसवतात आणि शिकवणारे काचेमागून बघतात. जवळच्यांनी आधीच हो म्हटलं होतं. लांबच्यांनी मुलाखतीला बोलावलं, म्हणून मी सोबत गेले. (तिने नको म्हटलं होतं. म्हणूनच गेले.)

तिला आत नेलं आणि मला बाकावर बसवलं. पाणी प्यायला उठले, तर त्या बोळात सगळी दारं एकसारखी करडी. ढकललं एक. आत अंधार, सहा माणसं मांडीवर कागद घेऊन बसलेली, समोर भिंतभर काच, आणि काचेपलीकडे लख्ख उजेडात माझी लेक! तिला आम्ही दिसत नव्हतो. एक बाई लगबगीने उठल्या, मला खुर्ची दिली, हातात कागद-पेन्सिल दिली आणि कुजबुजल्या, "बाहेरच्या परीक्षक ना? बसा, आत्ताच सुरू झालंय." वन्सं, माझा चष्मा बघून आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला शिकलेली समजलं. कशाला त्यांचं मन मोडायचं? बसले.

तिच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ, हातात टोपी. सांगत होते, बायकोला कमी ऐकू यायचं म्हणून घरात रेडिओ मोठ्याने लागायचा; ती गेली तरी मी तेवढ्याच मोठ्याने लावतो, शेजारी भांडायला येतात. एवढं बोलून थांबले. आणि आपली प्रश्नपत्रिका काही विचारेचना! मला वाटलं, विसरली. घड्याळ बघितलं, एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या जिभेवर सतरा सल्ले तयार (शेजाऱ्यांना काय उत्तर द्यायचं तेसुद्धा), रुमाल तोंडात कोंबून बसले. ती मात्र नुसती त्यांच्याकडे बघत होती. नखांकडे नाही, दाराकडे नाही, त्यांच्याकडेच. तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, "आवाज कमी केला, की घर ऐकू येतं."

मी तोंडातला रुमाल काढला हो. तुमचे दादा गेले तेव्हा महिनाभर माणसं माझ्याशी बोलत होती. (सगळ्यांत जास्त तुम्ही.) माझ्यासमोर असं गप्प कोणीच बसलं नाही. बसलं असतं, तर मीही काहीतरी बोलले असते. आणि हे जमणारी पोर माझ्या पोटची? आपल्या घरात गप्प बसणारं माणूस जन्माला आलं, आणि आपल्याला पत्ताच नाही!

कागदावर शेवटचा प्रश्न होता: तुमच्या घरचं माणूस हिच्याकडे पाठवाल का? मी लिहिलं, पाठवीन, पण मी तिची आई आहे, धरू नये. गुण पाचपैकी चार. (पैकीच्या पैकी आमचे गुरुजी देवालाही देत नसत.) मग जी धावपळ उडाली! खऱ्या परीक्षक बाई बोळात माझ्या बाकावर, कोणी बोलावेल म्हणून बसलेल्या सापडल्या. लेक लालबुंद. विभागप्रमुख बाई मात्र चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मी त्या गृहस्थांचं सांत्वन करायला कॅन्टीनमध्ये गेले, तर ते निघाले निवृत्त पोस्टमन. दर मंगळवारी येऊन रुग्णाचं काम करतात. बायको शेजारीच बिस्कीट खात होती आणि म्हणत होती, आज जरा जास्तच केलंत.

तर तिथेही तिला जागा मिळाली. दोन्ही विद्यापीठांना उत्तर महिनाअखेरीपर्यंत द्यायचंय. आणि ही म्हणते, जवळचंच बरं, ग्रंथालय मोठं आहे. मला काही पटलं नाही. मी तिचाच उपाय तिच्यावर केला, तीन मिनिटं समोर गप्प बसले. तर घाबरून म्हणते, आई, बरं वाटत नाहीये का?

पाठीला शेक द्या. बोलणं कमी करू नका, सवय मोडेल.

तुमची वहिनी

ता. क. कचऱ्याच्या डब्यात तिचा कागद सापडला. (डबा बघायला तुम्हीच शिकवलंत.) लांबच्या नावाखाली अकरा कारणं. जवळच्या नावाखाली दोन: ग्रंथालय, आणि 'आई एकटी'. तेव्हा कृपा करून तिला लगेच फोन करा आणि सांगा, मी वहिनीकडे राहायला येतेय, पाच वर्षं तरी हलणार नाही. मी फोन करत असताना ती शेजारी असते, म्हणून हे लिहिलं.

ता. क. २. खरंच येऊ नका हं. आपण दोघी पाच वर्षं एका घरात राहिलो, तर तिला पहिले रुग्ण घरचेच मिळतील.

ता. क. ३. थाप खरी वाटावी म्हणून खिडकीजवळचा पलंग तुमच्यासाठी झाडून ठेवलाय. एका गादीने तुमच्या पाठीचं भागत नाही, म्हणून दोन घातल्यात. तुम्हालाही हल्ली कमी ऐकू येतं, रेडिओ मोठ्याने लागेल. लागू दे.