कचरागाडीवरची भुलाबाई

लोणझरी, जि. अमरावती
मार्च २०२१, सोमवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या कमलाकांताचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर अर्ध्यावरच थांबली. उरलेला नमस्कार मनातून पोचता करतो आहे.) तुझा गुडघा, अकोल्याची मोर्णेकाठची हवा आणि नातीनं, म्हणजे श्रावणीनं, तुझ्या बोटाला अडकवलेलं ते प्राणवायू मोजायचं यंत्र, तिन्ही ठाकठीक असतील असं धरून चालतो. यंत्रानं सत्त्याण्णव दाखवले की तू ‘गणितात कधी एवढे मिळाले नव्हते’ म्हणतेस, असं तिनं कळवलं. आम्ही दोघं बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगावी अशी ही हकीकत नाही. एस.टी. बंद असली तरी टपाल चालू आहे.

तर या खेपेला साथ आपल्या अमरावती-अकोल्यालाच आधी भेटायला आली, हे तू जाणतेसच. आमच्या नगरपंचायतीनं जे निर्णय घेतले ते रास्तच होते. आठवडी बाजार बंद, पाचांहून जास्त माणसं एका जागी नकोत, तोंडाला मास्क, आणि मेन रोडवर एक दिवस डावीकडची दुकानं तर दुसऱ्या दिवशी उजवीकडची. (विपुल किराणावाला मात्र दोन्ही दिवस दुकान उघडतो. विचारलं तर म्हणतो, काका, तुमी कोणीकडून आले त्याच्यावर हाय, येतानी डावं तं जातानी उजवं. नगरपंचायतीनं दोन दिवस यावर विचार केला आणि शेवटी त्याच्या दारावर बाण काढला. बाणही त्यानंच रंगवला.) हे सगळे निर्णय सकाळच्या कचरागाडीच्या भोंग्यावरून सांगत. ‘सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की’ इथपर्यंत गाडी आली की लोक बादली रिकामी करून घरात. पुढं काय सूचित करण्यात येतं ते एकटा गाडीचा ड्रायव्हर सूर्यभान ऐके, आणि त्यालाही ते गाडी चालवायची म्हणून ऐकावं लागे.

मला वाईट वाटलं. आपल्या चौथीच्या वर्गावर पत्रे होते, आठवतं? दुपारी पत्रे तापत, गुरुजी पट्टीनं टेबलावर ठेका धरत, आणि साठ पोरं एका सुरात कविता म्हणत. भूगोल गेला, सनावळ्या गेल्या, त्रैराशिक तर कधी आलंच नव्हतं; पण कविता अजून दात घासताना ओठांवर येतात. (दात चारच आहेत. कविता पुष्कळ.) गद्य कानावरून जातं, चाल कानात राहते. आणि खरं सांगू? पस्तीस वर्षं मी तहसिलीत आवक-जावक लिहिली. पंचाहत्तरी आली, पण माझी एक ओळ कुणी पुरती ऐकलेली नाही. तुझी भावजय आशाबाई तर पहिल्याच शब्दाला ‘तांदूळ निवडू द्या’ म्हणते. वाटलं, निदान एकदा गावानं ऐकावं.

म्हणून मी मुख्याधिकारी दामिनी मॅडमना भेटलो. बाई कोकणातल्या, डिसेंबरात इथं आलेल्या, कामाला खमक्या. (तूर त्यांना अजून पचत नाही, पण तो विषय वेगळा.) त्यांना कडवं चालीवर म्हणून दाखवलं:

पाचांहून जास्त बाई जमू नका गं जमू नका,
बाजाराच्या वाटेनं घुमू नका गं घुमू नका,
नाकावरचा पदर खाली सोडू नका गं सोडू नका,
पंचायतीच्या बाईंचा शब्द मोडू नका गं मोडू नका.

मॅडम हसल्या. चाल गोड आहे म्हणाल्या. स्वतःच्या मोबाइलवर माझा आवाज भरून घेतला आणि सूर्यभानाला दिला. त्या रात्री मी चक्क दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

अक्का, तू एव्हाना कपाळाला हात लावला असशील. चाल भुलाबाईची होती. मला चाल आठवली, चालीमागचा रिवाज आठवला नाही. त्यात मागच्या साली साथीमुळं भुलाबाई घरोघर फिरलीच नव्हती, म्हणजे गावातल्या समस्त बायकांची सालभराची गाणी घशात अडकलेली. दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या गल्लीत शिरली, भोंग्यातून ‘जमू नका गं’ निघालं, आणि बायका जमल्या. प्रथम तिघी, मग अकरा, मग मोजणं बरं दिसेना. कुणाच्या हातात टिपऱ्या, कुणाच्या हातात बादली, तोंडाला मात्र सगळ्यांच्या पदर. (आज्ञेचा तेवढा भाग तंतोतंत पाळला गेला, हे मी मॅडमच्या नजरेस आणून दिलं.) गाडीभोवती फेर धरून माझ्या एका कडव्याला त्यांनी आपली सहा जोडली. आणि मग पलीकडच्या पार्बताबाईनं झाकणाचा डबा आणून सूर्यभानाच्या कानाशी खडखडवला. आता तो कचऱ्याची गाडी नेतो की खाऊ ओळखतो? त्यानं चिवडा म्हणून पाहिलं, शंकरपाळे म्हणून पाहिलं, फुटाणे म्हणून पाहिलं. ओळखल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही हा नियम, आणि गावात हाच एक नियम असा आहे की जो कुणी मोडत नाही. (शेंगदाण्याचे लाडू होते. लाडू वाजतात कसे, हे मला अजून कळलेलं नाही.) गाडी दीड तास गल्लीत उभी.

मॅडम स्वतः आल्या. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणतात, शेवटी घरची बाई डबा वाजवते आणि पोरींनी आतला खाऊ ओळखायचा, हे सगळं मी त्यांना नालीच्या काठावर उभं राहून समजावलं. त्यांनी बायकांना शांतपणे घरी जायला सांगितलं. पार्बताबाई पुढं झाली.

“मॅडम, मांगच्या साली आमची भुलाबाई तुमच्याच आफिसानं बंद केली. आता तुमीच गाडीवर लावून राहिले. मंग आमी कावून येऊ नये?”

“आजी, गाण्यातच सांगितलंय ना, जमू नका म्हणून.”

“गान्याचे बोल कोन आयकते माय? चाल आयकू आली की पाय निंगतात.”

अक्का, माझ्या काव्याचं याहून खरं परीक्षण होणार नाही. मॅडमनी मला बाजूला घेतलं. तशा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, यांना जमवणारं गाणं तुम्ही दिलंत, आता घरी पाठवणारं द्या. शुक्रवारपर्यंत. नाहीतर पुन्हा ‘सूचित करण्यात येते’ सुरू.” तोवर भोंगा मुका.

तेव्हापासून लिहितो आहे. त्याच चालीवर ‘जा गं जा गं’ लिहिलं, तर तुझ्या भावजयीनं ऐकून विचारलं, डबा कितव्या ओळीवर वाजवायचा? चाल बदलून श्लोकासारखं लिहिलं, तर ती तांदूळ निवडत बसली. वही भरत आली. मॅडमचा काळजीचा मुद्दा बरोबर आहे, बायकांचा आनंदही खोटा नाही, आणि मधोमध माझं कडवं लोंबकळतं आहे. गुडघ्याला तेल लाव. यंत्रावर विश्वास ठेव. जावयबापूंना नमस्कार, श्रावणीला आशीर्वाद.

तुझा,
कमलाकांत

ता. क. एक विचारायचं राहिलं. (खरं तर पत्र त्यासाठीच आहे.) शेवटच्या घरून निघताना तुम्ही पोरी कुठलं गाणं म्हणत होता? मी दरसाल तुमच्यासोबत असे, पण खाऊ हातावर पडला की मी तिथून पसार, म्हणून शेवट कधी ऐकलाच नाही. शुक्रवारच्या आत पोचेल असं पाठव. आणि जमल्यास कुणाला सांगू नकोस, कारण भुलाबाईची ती पहिली चाल मी तुझ्याच तोंडून उचलली होती. मी मॅडमना माझी म्हणून सांगितली आहे.

आणखी एक ता. क. (बुधवार.) पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या भावजयीनं हे वाचलं. म्हणाली, “गाणं कायले पायजे? खाऊ ओळखला की खेळ खतम, पोरी आपल्या घरी.” मी ते मॅडमना सांगितलं. आज सकाळी त्यांनी भोंग्यावर माझं कडवं पुन्हा लावलं आणि नियम घातला: बायका आपापल्या उंबऱ्यावर, डबा तिथूनच वाजवायचा, सूर्यभानानं गाडीतूनच ओळखायचं. बायका त्याला डोळ्यांनी खुणावतात, तो ओळखतो, दार लागतं, गाडी पुढं. वीस मिनिटांत गल्ली आटोपली. तेव्हा गाणं पाठवलं नाहीस तरी चालेल. फक्त आमच्या दाराशी गाडी अडली. तुझी भावजय खुणावत नाही. तिचा डबा सूर्यभानाला ओळखता आला नाही, आणि तोवर माझं कडवं चार वेळा वाजलं. ती उंबऱ्यावर उभी राहून चारही वेळा ऐकत होती. डब्यात काय आहे ते मलाही सांगत नाही.