दाढी न केलेले दिवस

मुलुंड (पूर्व),
मंगळवार, दुपारी

प्रिय मृणाल,

फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'अगं, ऐक तरी' म्हणतेस आणि मग मीच ऐकत बसते. हे शाळेपासून असंच चाललंय, म्हणून लिहितेय. सासऱ्यांचा आत्ता जरा डोळा लागलाय. भाऊंच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवून मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसलेय. मध्येच उठावं लागलं तर पुढचं अक्षर वेडंवाकडं येईल, समजून घे. आणि आधीच सांगून टाकते, मी रागावलेय. तुझ्यावर. राजेशवरही, पण नवऱ्यावर रागवायची मला सवय आहे, तुझ्यावर नाही.

परवा शाळेच्या ग्रुपवर तू फोटो टाकलास. निळी साडी, हातात माईक, मागच्या पडद्यावर तुझ्या अभ्यासाचे निष्कर्ष. कॅन्सरच्या पेशंटना घरी जो त्रास होतो तो नर्सच्या मदतीने कसा कमी करायचा, आणि त्यांचं करणाऱ्या माणसांना कसं सांभाळायचं, यासाठी तू दोन वर्षं मर मर मेलीयस, हे मला माहीत आहे. सगळ्यांनी अंगठे दाखवले, मीही दाखवला. मग फोटो मोठा करून वाचला. 'घरी काळजी घेणाऱ्यांवरील ताण : बहुतांशी सौम्य.' मृणाल, मी तेव्हा बाथरूममध्ये भाऊंची चादर भिजत घालत होते, सकाळपासूनची तिसरी. फोन बादलीत पडता पडता राहिला. सौम्य म्हणे!

बाकीच्या घरांचं मला माहीत नाही, पण एका घरातून हा सौम्य ताण तुझ्याकडे कसा पोचला ते मी सांगू शकते. चार महिन्यांपूर्वी हॉस्पिटलमध्ये तू आम्हाला अभ्यासात घेतलंस तो दिवस आठव. सकाळी साडेसातपासून भाऊंची व्हीलचेअर धरून रांगेत मी उभी होते. राजेश अकराला पवईहून, ऑफिसमधून तासाभराची सुटी काढून आला. तू फॉर्म काढलास. 'मुख्य काळजीवाहक' असा रकाना होता. राजेशने पेन माझ्याकडे केलं होतं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. मीच म्हटलं, तुमचंच नाव घाला. गॅस त्याच्या नावावर, लाइटबिल त्याच्या नावावर, मुलीच्या शाळेत पालक म्हणून सही त्याची. कुठलाही फॉर्म आला की माझ्या तोंडून तेच निघतं. त्याने लिहिलं, राजेश जयवंत परब, मुलगा. पुढे स्वतःचा मोबाइल नंबर. तू शेजारी उभी होतीस. माझ्या खांद्यावर भाऊंचा टॉवेल होता, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात ओकारीसाठी आणलेलं पातेलं. आणि तू त्या फॉर्मवर शिक्का मारलास. मी एक चुकले असेन, पण तुझे डोळे कुठे होते गं?

त्यानंतर दर बुधवारी तुमच्याकडून फोन येत राहिला, राजेशला, ऑफिसात. गेल्या आठवड्यात तुमच्या झोपेवर परिणाम झाला का? नाही. तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळतो का? बऱ्यापैकी. पेशंटचं करताना चिडचिड होते का? मुळीच नाही. एकदा घरून काम करत होता तेव्हा मी हे माझ्या कानांनी ऐकलंय. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर चीड आहे. त्याला खरंच झोप लागते. तो वाईट नाही, तुला माहीत आहे. घरी आला की भाऊंच्या पायथ्याशी बसतो, त्यांचे पाय दाबतो, दहा मिनिटांत डोळे भरून येतात आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. मला असं गॅलरीत जायला मिळत नाही, कारण तेवढ्यात भाऊंना पाणी हवं असतं.

आणि हे नुसतं माझ्या मानापानाचं असतं तर मी कागद खराब केला नसता. मॉर्फीनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि भाऊंचं पोट बंद झालं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मी पपई दिली, गरम पाणी दिलं, शेजारच्यांनी सांगितलेला काढा दिला. नवव्या दिवशी तो माणूस संडासात भिंत धरून रडत होता. गिरणी बंद पडली तेव्हाही न रडलेला माणूस, मृणाल. शेवटी रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे त्यांचे जे हाल झाले ते लिहीत नाही. डॉक्टर माझ्यावरच खेकसले, पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून का दिलं नाही? मला कोणी सांगितलं होतं? मग रिपोर्ट दाखवायला म्हणून राजेशचा फोन घेतला आणि त्यात तुझे मेसेज सापडले. चौदा! या गोळ्यांबरोबर पोटाचं औषध चुकवू नका. धाप लागली तर टेकून बसवा, छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरा. एकदम ताटभर वाढू नका, थोडं थोडं द्या. इतकं सोपं, इतकं छान लिहिलं होतंस, आणि सगळ्यांखाली त्याचं 'थँक यू सिस्टर'. विचारलं तर म्हणाला, अगं, मला वाटलं तुला माहीत असणारच ना. मी तो छोटा पंखा त्याच संध्याकाळी स्टेशनबाहेरून आणला. भाऊंना इतकं बरं वाटलं त्याने! तीन महिने आधी आणला असता.

तू एकदा घरीही आलीस. तुझ्यासाठी मी कांदेपोहे केले, कारण तू बोरिवलीहून येणार, उपाशी असणार. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसले. समोर राजेश, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, आमच्या भावकीतले दोघं. एवढ्यांसमोर तू त्यांना विचारलंस, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? ते हसून म्हणाले, 'दोन लिही गो, बरा आसा माझा.' पाहुण्यांसमोर कोकणातला म्हातारा दुसरं काय सांगणार? तू लिहून घेतलंस. नंतर स्वयंपाकघरात आलीस, पोह्यांची तारीफ केलीस, मी बारीक झालेय म्हणालीस आणि 'सगळं ठीक ना?' असं विचारता विचारता चपला घातल्यास. मी म्हटलं, ठीक.

भाऊंचं दुखणं मोजायची माझी रीत वेगळी होती. गिरणीत असल्यापासून त्यांना रोज सकाळी दाढी करायची सवय. संप होता, काम नव्हतं, तेव्हाही ते रोज दाढी करून दारात बसायचे, असं सासूबाई सांगायच्या. आजारातही खिडकीच्या दांडीला आरसा टांगून ते स्वतःची दाढी स्वतः करायचे. ज्या दिवशी पाठ फारच दुखायची त्या दिवशी हात वर उचलायचा नाही आणि आरसा तसाच राहायचा. तोंडाने कबूल करायचे नाहीत, पण मला कळायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणेशेजारी, मी लिहायचे 'दाढी नाही'. त्या दिवशी डॉक्टरांनी जादा दुखण्यासाठी दिलेली गोळी मी न विचारता पुढे करायचे, आणि तेही न बोलता घ्यायचे. त्या चार महिन्यांत असे एकतीस दिवस आहेत. तुझ्या कागदावर त्या सगळ्या दिवसांचं मिळून 'दोन' आहे.

आता गेल्या बुधवारी तुमचा मेसेज आला की आपल्या कुटुंबाची गरज कमी असल्याचं दिसल्यामुळे पहिल्या तारखेपासून साप्ताहिक फोन आणि नर्सची भेट बंद होईल, जास्त गरज असलेल्या घरांना ती दिली जाईल. राजेशने तो जेवताना वाचून दाखवला. शाबासकी मिळाल्यासारखा. 'बघ, आपण किती व्यवस्थित सांभाळलंय.' मी ताटावरून उठले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

एवढं सगळं लिहून झालं, आणि खरं कारण अजून लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी, नुकती बदललेली चादर भाऊंनी ओकून खराब केली. मी ओरडले. म्हटलं, जरा आधी सांगता येत नाही का, माणूस आहे मी, किती करू? त्यांनी थोड्या वेळाने हळूच विचारलं, 'तू जेवलंस काय गो?' आणि दुसऱ्या दिवसापासून, मृणाल, ते रोज दाढी करतात. गालावर कापलेलं असतं, हनुवटीखाली केस राहिलेले असतात, आरशासमोर बसून घामाघूम होतात, पण करतात. गोळी पुढे केली तर म्हणतात, 'नको गो, आज काय दुखणा नाय.' एकवीस दिवस माझ्या कॅलेंडरवर काहीच लिहिलेलं नाही. आता तेही तुझ्या फॉर्मसारखंच झालंय, सगळं सौम्य. राजेश, तू, मी, आपण सगळ्यांनी मिळून ज्या माणसाचं ऐकलं नाही, त्याचं एवढं एक मला वाचता येत होतं आणि ते मी माझ्या तोंडाने घालवलं. मी माफी मागितली तर हसतात. मला आता कळत नाही त्यांना किती दुखतंय. तुझ्याकडे हे विचारायची विद्या आहे ना? मग ती घेऊन ये. फोटो नको, फॉर्म नंतर. एकटी ये, दुपारी दोननंतर, घरात आम्ही दोघंच असतो तेव्हा. दार लावून घे, त्यांच्याजवळ बस, आणि त्यांना सांग की सुनेला त्रास होणार नाही, खरं सांगा. मी बाहेर थांबेन. त्यांचं झालं की स्वयंपाकघरात ये आणि तेच मला विचार. पोहे करणार नाही. माझा नंबर तुझ्याकडे आहेच, 'मुख्य काळजीवाहक'च्या रकान्यात आता तो घाल. आणि मी 'ठीक' म्हटलं तर चपला घालू नकोस.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
श्वेता