शंभर टक्के हजेरी

इंदिरानगर, नाशिक
रविवार, ४ जानेवारी २०२६

चि. अंजलीस,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. साठी उलटलेल्या दोन बहिणी हातात फोन असताना पत्रं लिहितात, याचं आमच्या सूनबाईंना, चैतालीला, अजून हसू येतं. मी तिला सांगितलं की देवळाली कॅम्पच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली सवय आहे ही. घर दहा मिनिटांवर असतानाही आपण दर आठवड्याला आबांना पत्र लिहायचो, आणि आबा ते शेजाऱ्याकडून वाचून घ्यायचे.

आता मुद्दा. आमचा प्रफुल्ल पोरीला, तृप्तीला, सहा दिवस शाळेतून काढून बोर्डीला समुद्रावर नेणार आहे. अंबडच्या त्याच्या कंपनीचं शटडाऊन २ ते ७ फेब्रुवारी, आणि शाळा तेव्हा अगदी व्यवस्थित चालू. मी विचारलं, मे महिना कुठे पळून गेला? तर म्हणे मे महिन्यात सलग चार दिवससुद्धा मिळत नाहीत, दिवाळीत ओव्हरटाइम असतो, कंपनीला कुलूप लागतं ते याच आठवड्यात. पोरगी सहावीत गेली तरी तिने समुद्र पाहिलेला नाही, हे चैतालीने मला अशा आवाजात सांगितलं, जणू लस टोचायची राहून गेली आहे. शिवाय आठवणी तयार करायच्या आहेत. आपल्या वेळी आठवणी आपोआप राहायच्या. हल्ली त्या पापडासारख्या लाटाव्या लागतात.

आबांना तिसरीतून काढून म्हशींमागे धाडलं होतं. तोफखान्याच्या मेसमध्ये भांडी घासून त्यांनी आपल्याला शिकवलं, आणि तुझा पाय मुरगळला तेव्हा खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं. त्यांच्या पणतीने लाटा मोजायला शाळा बुडवायची?

प्रफुल्लने अर्ज मात्र खरा लिहिला आहे. पोटदुखी नाही, कुणाचं लग्न नाही, सरळ ‘कौटुंबिक सहल’. गुन्हा करायचा आणि वर पोलिसांना पत्ता द्यायचा, तसं.

शुक्रवारी तृप्तीच्या शाळेत, म्हणजे तू शिकवायचीस त्याच शाळेत, आजी-आजोबांची सभा आहे आणि मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. मी प्रफुल्लचं पाचवीचं प्रमाणपत्र भिंतीवरून काढून नेणार आहे. सन १९९७-९८, शंभर टक्के हजेरी, खाली वर्गशिक्षिका म्हणून तुझी सही. त्याचे बाबा, शेखर, गेले ते वर्ष. शनिवारी संध्याकाळी ते गेले, रविवारी सगळं झालं, सोमवारी प्रफुल्ल वर्गात होता. हे सांगितल्यावर बघू कोण समुद्राचं नाव काढतं.

लोभ असू दे, मी तोंडाळ असले तरी.
तुझी ताई,
उज्वला

---

अकोला
गुरुवार, ८ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. तू बँकेतून निवृत्त झालीस हे बँकेला कळलं, तुला अजून कळलेलं नाही. समोर येईल त्याचा अर्ज नामंजूर!

पण ताई, प्रमाणपत्र नेऊ नकोस. जुनी फ्रेम आहे, काच फुटेल. आणि पोरीला जाऊ दे ना. सहा दिवसांचं गणित मी तिला फोनवर शिकवीन.

शेखरदाजींचं शटडाऊन आठवतं का तुला? सातपूरची त्यांची कंपनी दर वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात बंद व्हायची आणि शाळा तेव्हाच नुकती उघडलेली असायची. दर वर्षी ते कुठेतरी जाऊ म्हणायचे, दर वर्षी तू नाही म्हणायचीस, आणि मग दाजी आठवडाभर खिडक्यांच्या ग्रिलला रंग देत बसायचे. एका वर्षी तर जुना रंग नीट वाळलाही नव्हता.

हे पत्र शुक्रवारच्या आत पोचणार नाही हे मला कळतंय. फोन करणार होते. दोनदा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. का, ते सांगत नाही.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्र टाक.
तुझी,
अंजली

---

नाशिक
रविवार, १८ जानेवारी

चि. अंजलीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

काच फुटली नाही. तुझी काळजी वाया गेली.

सभेत मी पाच मिनिटं बोलले आणि टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. मोठ्या बाईंनी प्रमाणपत्र ठेवून घेतलं. आता ते शाळेत शिरताना समोरच लावलं आहे, दिव्याखाली. सोमवारच्या प्रार्थनेला त्यांनी ते सगळ्या मुलांपुढे वाचून दाखवलं, तृप्तीला पुढे उभं केलं आणि विचारलं की ज्या घरात असं प्रमाणपत्र आहे, त्या घरातून असा अर्ज यावा का?

तृप्तीने घरी येऊन सांगितलं की तिला कुठेही जायचं नाही. मी जिंकले म्हणायला हरकत नाही.

पण अंजली, जिंकलेल्या घरात इतकं गप्प वाटू नये. पोरगी माझ्याशी बोलते, विचारलं तेवढंच. चैताली माझ्या ताटात पोळी वाढते आणि आत जाते. प्रफुल्ल आदळआपट करील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे त्याने नुसतं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना ऑइलपेंटचा डबा आणि दोन ब्रश घेऊन आला. शटडाऊनमध्ये ग्रिल रंगवून टाकतो म्हणाला. तुझं पत्र त्याच दुपारी आलं होतं.

कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात मी पटाईत आहे. त्या डब्याशी काय भांडू?

तू फोन का बंद केलास ते लिही. का-कू करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

---

अकोला
गुरुवार, २२ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

अठ्ठावीस वर्षं मी हे पत्र लिहायचं टाळलं. ते प्रमाणपत्र आता शाळेच्या दारात लागलं आहे, आणि पोरीला त्याने सगळ्यांपुढे मान खाली घालायला लावली आहे. म्हणून लिहिते.

ते खोटं आहे. एका दिवसाने.

१९९७ च्या जूनमधला दाजींच्या शटडाऊनचा गुरुवार होता. घंटा व्हायच्या आधी ते शिक्षकांच्या खोलीत आले. प्रफुल्ल गणवेशात, दप्तर पाठीवर. मला म्हणाले की आज याला कसाऱ्यापर्यंत पॅसेंजरने नेतो, घाटात गाडीला मागून इंजिन लावतात ते दाखवतो, संध्याकाळी परत. खाडा मांड, उज्वलाला मीच सांगेन, असंही म्हणाले. खोटं लिही असं त्यांनी सुचवलंसुद्धा नाही, ताई. ते मी माझ्या मनाने केलं. मला तुझी भीती वाटली. महिन्याच्या शेवटी तू त्याची हजेरी विचारशील, आणि दाजींना आठवडाभर ऐकावं लागेल. मी त्याला हजर लावलं.

मग फेब्रुवारीत दाजी गेले. त्या सोमवारी त्याला सोबत घेऊन जा, असं तूच मला सांगितलंस. पुण्यानुमोदनाचा विधी पुढच्या रविवारी आहे, तोवर घरात बसून पोरगं काय करणार, म्हणालीस. मी हजेरी घेताना त्याचं नाव गाळणार होते. तर तो आपणहून उभा राहिला आणि ‘हजर, बाई’ म्हणाला. ‘मावशी’ म्हणाला नाही.

एप्रिलमध्ये ते प्रमाणपत्र त्याला द्यावं लागलं. मी सही केली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. आम्ही दोघंही त्यावर कधी बोललो नाही. तू त्याला फ्रेम केलीस, आणि त्यानंतर तुझ्या हॉलमध्ये मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत आले. तुला वाटायचं, पंख्याच्या वाऱ्यासाठी तशी बसते.

तुला आता मला जे म्हणायचं असेल ते म्हण. पण पोरीला काही म्हणू नकोस.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
अंजली

---

नाशिक
गुरुवार, २९ जानेवारी

अंजली,
जय भीम.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की चिडायला मला फक्त तूच सापडते आहेस.

मला भीती वाटली, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. बहिणीला भीती, नवऱ्याला भीती, दहा वर्षांच्या पोराला भीती. आबांनी मला शाळेत घातलं ते कुणाला घाबरून राहायला लागू नये म्हणून. मी शिकले, आणि घरात सगळ्यांना मला घाबरून राहायला लावलं. त्या सोमवारचं तर मी सभेत टाळ्या घेऊन सांगितलं. बाप गेलेल्या पोराला तिसऱ्या दिवशी डबा देऊन शाळेत पाठवलं, हे!

परवा संध्याकाळी प्रफुल्ल गॅलरीत बसून ग्रिल पॉलिशपेपरने घासत होता. मी म्हटलं की कसाऱ्याचं मला कळलं आहे. त्याचा हात थांबला. वर पाहिलं नाही. मग परत घासायला लागला. मीही आत आले.

तृप्तीला मात्र सगळं सांगितलं. तिने तीनदा विचारलं की खरंच बाबांनी शाळा बुडवली होती का. मग ती हसली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या मांडीवर पाय टाकून बसली. मोठ्या बाईंकडे अर्ज मीच नेला. त्याची नक्कल तुझ्यासाठी:

‘मा. मुख्याध्यापिका यांस, सविनय सादर. माझी नात तृप्ती प्रफुल्ल गांगुर्डे, इयत्ता सहावी, ही २ ते ७ फेब्रुवारी शाळेत येणार नाही. कारण, तिच्या वडिलांना सुटी आहे. बुडालेला अभ्यास मी करून घेईन. आपण दर्शनी भागात लावलेलं प्रमाणपत्र एका दिवसाने खोटं आहे, ते उतरवून माझ्याकडे द्यावं. त्यातला जो दिवस मी सभेत अभिमानाने सांगितला, तो मात्र दुर्दैवाने खरा आहे.’

बाई म्हणाल्या, एका दिवसाने काय होतं, राहू द्या, कुणाला कळतंय. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी शिपायाने स्टूल आणलं. तुझं नाव मी घेतलं नाही, पण खाली सही तुझीच आहे, ती काही झाकता आली नाही.

सोमवारी सकाळी तिघं निघतील. मला चल म्हणाले. मी म्हटलं, घर कोण बघेल? खरं म्हणजे कोणत्या तोंडाने जाऊ.

तू पंख्याखाली पुन्हा ये. भिंत मोकळी आहे.
ताई

---

नाशिक
रविवार, १ फेब्रुवारी

ती. आईस,
सप्रेम जय भीम.

समोर बोलायला जमलं नाही म्हणून लिहितोय. रंगाच्या डब्याखाली ठेवतो, म्हणजे तुला सापडेल.

कसाऱ्याला बाबांनी मला फलाटाच्या टोकाला नेलं. परतीच्या गाडीला मागून इंजिन जोडलं ते आम्ही जवळून बघितलं आणि मुद्दाम शेवटच्या डब्यात बसलो. घाटात दरवाजातून ते इंजिन दिसत होतं. बाबा म्हणाले, ही बघ आपली आई. मागून ढकलते म्हणून आपण घाट चढतो. पण त्या इंजिनाला पुढचं काही दिसत नाही रे, नुसती डब्याची पाठ दिसते. मी विचारलं की मग त्याला डोंगर कधी दिसतो. तर म्हणाले, इगतपुरीला त्याला सोडवतात. घाट संपला की त्यालाही सुटी.

तुझ्यापासून लपवायचं असं आमचं ठरलं नव्हतं. घरी आलो तर तू माझ्या दप्तराला नवा पट्टा शिवत बसली होतीस. बाबांनी तुझ्याकडे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, उद्या सांगू. ते रोज उद्याच म्हणत राहिले.

प्रमाणपत्राचा मला राग नव्हता. फक्त ते बघितलं की वाटायचं, तो दिवस झालाच नाही असं त्यावर लिहिलंय.

बोर्डीची खोली मी डिसेंबरातच चौघांची घेतली होती. घर बघायला घराला कुलूप आहे. सीबीएस स्टँडवरून सकाळी डहाणूची एसटी असते, तिथून बोर्डी जवळच. आई, घाट संपला.

तुझा,
प्रफुल्ल

---

सीबीएस स्टँड, नाशिक
मंगळवार, ३ फेब्रुवारी

चि. अंजलीस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

बाकावर बसून लिहिते आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. प्रफुल्लचं पत्र काल सापडलं. ते पर्समध्ये आहे. तू आलीस की वाचायला देईन. पाठवणार नाही, हरवलं तर मी काय करू?

रंगाचा डबा शेजारच्या फुलाबाईंना देऊन टाकला. प्रमाणपत्र फ्रेममधून काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: जून १९९७, एक गुरुवार, गैरहजर, वडिलांबरोबर कसारा. खाली माझी सही केली. अठ्ठावीस वर्षं उशिरा का होईना, रजा मंजूर केली. शेखरना हे सांगता आलं असतं तर, एवढंच वाक्य काल दिवसभर माझ्या मागे होतं, आणि आजही ते माझ्याबरोबरच गाडीत चढेल.

एसटी लागली आहे. कंडक्टर ज्येष्ठ नागरिकांना मधल्या बाकांवर बसवत होता, तिथे हादरे कमी बसतात म्हणे. मी त्याला चांगलंच झापलं. मला अगदी पुढची जागा हवी आहे, जिथून काचेतून सगळा रस्ता दिसतो.

तुझा लोभ मी कमावलेला नाही, तरी तो राहू दे.
तुझी ताई,
उज्वला